टेट्रिसमधील खेळप्रकार

टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचून आडव्या ओळी पूर्ण करण्याचा संगणकीय खेळ आहे. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये ठोकळे आणि मूळ नियम सारखेच असतात. खेळ कधी संपतो आणि यश कशात मोजले जाते, यावरून मात्र त्याचे वेगवेगळे खेळप्रकार पडतात. अखंड खेळ, ठरावीक ओळींचा खेळ, वेळेविरुद्धचा खेळ आणि प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा खेळ हे त्यांतील प्रमुख प्रकार होत.

पार्श्वभूमी

अलेक्सेई पाजित्नोव यांनी इ.स. १९८४ मध्ये मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर हा खेळ तयार केला. चार चौरस कडेला कड लावून जोडल्यास होणाऱ्या आकाराला टेट्रोमिनो म्हणतात. खेळात असे सात ठोकळे असून त्यांना आकारावरून आय, ओ, टी, एस, झेड, जे आणि एल अशी अक्षरनामे आहेत. खेळाची चौकट १० घरे रुंद आणि सामान्यतः २० घरे उंच असते. दहाही घरे भरलेली ओळ नाहीशी होते व वरचा ढीग खाली सरकतो. ढीग वरपर्यंत पोहोचून नव्या ठोकळ्याला जागा उरली नाही, की खेळ संपतो.

अ-प्रकार

इ.स. १९८९ मध्ये निन्टेंडो कंपनीने गेम बॉय आणि निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टीम या यंत्रांसाठी काढलेल्या आवृत्त्यांमध्ये एकट्याने खेळण्याचे दोन प्रकार होते. त्यांपैकी अ-प्रकार हा अखंड खेळ होय. यात जिंकण्याची कोणतीही अट नसते. ठरावीक ओळी पूर्ण झाल्या की पातळी वाढते आणि ठोकळे अधिक वेगाने पडू लागतात.

एका वेळी एक, दोन, तीन किंवा चार ओळी पूर्ण केल्यास अनुक्रमे ४०, १००, ३०० किंवा १,२०० गुण मिळतात. पातळीच्या अंकात एक मिळवून येणाऱ्या संख्येने त्यांना गुणले जाते. चार ओळी सुट्या पूर्ण केल्यास शून्य पातळीवर केवळ १६० गुण मिळतात. त्याच एकत्र पूर्ण केल्यास १,२०० मिळतात. त्यामुळे खेळाडू एका कडेचा स्तंभ मोकळा ठेवून सरळ आय ठोकळ्याची वाट पाहतात. हा ठोकळा वेळेवर न आल्यास ढीग धोकादायक उंचीला पोहोचतो. अधिक गुण आणि अधिक काळ टिकून राहणे यांतील हा ताण अ-प्रकाराचा गाभा आहे.

निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टीमच्या अमेरिकेतील आवृत्तीत २९व्या पातळीपासून ठोकळा सेकंदाला सुमारे ६० घरे खाली येतो. दिशेचे बटण नुसते दाबून ठेवल्यास तो कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हीच खेळाची मर्यादा मानली जात असे. पुढे बटण झपाट्याने पुनःपुन्हा दाबण्याची हायपरटॅपिंग ही पद्धत आणि नियंत्रकाच्या मागील बाजूवर बोटे एकामागून एक आपटण्याची रोलिंग ही पद्धत यांमुळे ही मर्यादा ओलांडली गेली. २१ डिसेंबर २०२३ रोजी १३ वर्षांच्या एका अमेरिकन खेळाडूने १५७वी पातळी गाठली, तेव्हा खेळाची आज्ञावलीच बंद पडली.

ब-प्रकार

ब-प्रकारात २५ ओळी पूर्ण केल्या की खेळाडू जिंकतो. आरंभीची पातळी ० ते ९ आणि उंची ० ते ५ यांतून निवडता येते. उंची जितकी अधिक, तितक्या अधिक ओळी सुरुवातीलाच विस्कळीत चौरसांनी भरलेल्या असतात. सर्वाधिक उंचीला अर्ध्याहून अधिक चौकट व्यापलेली असते. खेळ चालू असताना वेग वाढत नाही. अ-प्रकारात खेळाडू स्वतः रचलेला ढीग सांभाळतो, तर ब-प्रकारात त्याला आधीचा अव्यवस्थित ढीग उपसावा लागतो.

दोन खेळाडूंचा प्रकार

गेम बॉयवर दोन यंत्रे तारेने जोडून समोरासमोर खेळता येत असे. एकदम दोन, तीन किंवा चार ओळी पूर्ण केल्यास प्रतिस्पर्ध्याच्या ढिगाखाली अनुक्रमे एक, दोन किंवा चार अपूर्ण ओळी घुसत. ३० ओळी आधी पूर्ण करणारा, अथवा प्रतिस्पर्ध्याचा ढीग वरपर्यंत पोहोचेपर्यंत टिकणारा खेळाडू विजयी होई. इ.स. २०१९ मध्ये आलेल्या टेट्रिस ९९ या खेळात हेच तत्त्व ९९ खेळाडूंच्या एकत्रित सामन्याला लावले आहे.

आधुनिक प्रकार

नंतरच्या आवृत्त्यांमध्ये पुढील प्रकार रूढ झाले:

• मॅरेथॉन – वाढत्या वेगाचा दीर्घ खेळ. अनेक आवृत्त्यांत तो १५० ओळींनंतर संपतो.
• स्प्रिंट – ४० ओळी कमीत कमी वेळात पूर्ण करणे. येथे गुणांना महत्त्व नसते. ४० ओळींत ४०० घरे असल्याने किमान १०० ठोकळे रचावे लागतात. म्हणून प्रत्येक अनावश्यक हालचाल वेळ वाया घालवते.
• अल्ट्रा – दोन किंवा तीन मिनिटांत अधिकाधिक गुण मिळवणे.

गणितीय बाजू

अखंड खेळ खरोखरच अखंड चालू शकतो का, हा प्रश्न गणितज्ञांनीही अभ्यासला आहे. हायडी बर्गिएल यांनी इ.स. १९९७ मध्ये दाखवून दिले, की एस आणि झेड हे ठोकळे आलटून पालटून येत राहिले, तर ७०,००० ठोकळे पडण्यापूर्वीच खेळ संपतो. ठोकळे पूर्णपणे यादृच्छिक क्रमाने येत असल्यास अशी मालिका कधी ना कधी येणारच. म्हणजे कितीही कुशल खेळाडूचा पराभव अटळ ठरतो. आधुनिक आवृत्त्यांमध्ये सात-सात ठोकळ्यांच्या प्रत्येक गटात प्रत्येक आकार एकदाच येतो. त्यामुळे एस आणि झेड यांची सलग चारांहून लांब मालिका येत नाही व पराभवाचे हे कारण उरत नाही. अशा आवृत्त्यांत खेळाचा शेवट मुख्यतः वाढता वेग, ओळींची मर्यादा किंवा प्रतिस्पर्धी यांवर अवलंबून असतो.