बिल पाठवलंय, पैसे कधी?

एक तारीख. मोबाईल वाजतो, पगार जमा! लगेच डोक्यात वीकेंडचा प्लॅन. बरोबर ना? माझ्या मामांच्या मोबाईलवर असा मेसेज कधीच ठरल्या तारखेला येत नाही. बल्लारपूरला त्यांचं छोटंसं वर्कशॉप आहे. एक लेथ, दोन वेल्डिंग मशीन, तीन कारागीर. माल वेळेवर जातो, बिलही वेळेवर जातं. पैसे मात्र मनात येईल तेव्हा येतात. मामांच्या नव्हे, समोरच्याच्या!

बल्लारपूर म्हणजे रेल्वेवाल्यांचं बल्लारशाह. २०१८ मध्ये रेल्वेच्या स्टेशन सजावटीच्या स्पर्धेत चंद्रपूरसोबत पहिला नंबर पटकावणारं, भिंतीभिंतींवर वाघ रंगवलेलं ते स्टेशन हेच. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान वाजतगाजत निघालं, तेही इथूनच. १९४५ पासूनचा कागद कारखाना, कोळशाच्या खाणी, लाकडाचा डेपो. गाव मोठ्या नावांचं आहे. पण त्या मोठ्या नावांच्या आजूबाजूला पुली करणारे, ट्रक दुरुस्त करणारे, डबे पुरवणारे असे कितीतरी छोटे लोक जगतात. काम देणारे मोजके आणि काम मागणारे ढीगभर, असं हे गणित.

त्यामुळे मामांचा फंडा साधा होता. "पैसे मागाले गेलो तं पैसे भेटतीन, पण पुढचं काम जाईन, बाई!"

आता मी ठरले मास कॉमची पोरगी. चेंबर ऑफ कॉमर्स म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कोट-टाय, बुफे लंच आणि बजेटच्या संध्याकाळी टीव्हीवर 'स्वागतार्ह' म्हणणारे काका यायचे. इतिहास तसा भारदस्त आहे. वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर उभं केलं, पुण्याचं मराठा चेंबर १९३४ चं, नागपूरचं नाग विदर्भ चेंबर १९४४ चं. २००५ मध्ये पुण्यातच दलित उद्योजकांचं 'डिक्की' आलं. निर्यातदाराला माल कुठल्या देशात तयार झाला याचा दाखला द्यायचा, तोही चेंबरकडून मिळतो. हे सगळं मला परीक्षेपुरतं माहीत होतं. लेथवर काम करणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ते कळलं मामांच्या संघटनेच्या खोलीत. एका दुकानाच्या वरचा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सगळ्यांत आधी येणारा चहा.

२०२० मध्ये केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. ऑनलाइन आणि फुकट. संघटनेने एका रविवारी सगळ्यांना आधार कार्ड घेऊन बोलावलं. मामा कुरकुरत गेले. सरकारी कागद म्हणजे नवी कटकट, असं त्यांचं ठाम मत होतं. तो रविवार किती मोलाचा होता, हे दोन वर्षांनी समजलं.

२०२२ मध्ये जिल्ह्याबाहेरच्या एका कंत्राटदाराने मामांकडून माल नेला. साडेतीन लाखांचं बिल. एक महिना झाला, चार झाले, दहा झाले. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ही कॉलर ट्यून असल्यासारखी झाली. कारागिरांचा पगार द्यायला मामींच्या बांगड्या बँकेत गेल्या. हे मला खूप नंतर कळलं.

गंमत बघा, कायदा मामांच्या बाजूने होता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरल्या तारखेला द्यायचे, आणि करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपलीकडे जायचं नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट पावणेसात टक्के धरला तर सव्वावीस टक्के! दाद मागायला परिषद आहे. २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल आलं आणि घरबसल्या अर्ज करता येऊ लागला. मात्र नोंदणी आधीची हवी. नंतर नोंदणी करून जुन्या मालासाठी हा फायदा घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं. तो कुरकुरीचा रविवार आठवला ना?

पण अर्ज करायचा म्हणजे गिऱ्हाइकाशी उघड भांडण. मामा तयारच नव्हते. मग संघटनेने डोकं लावलं. त्याच कंत्राटदाराकडे आणखी कुणाकुणाची बिलं अडकलीत, याची यादी केली. अकरा जण निघाले! अकरा बिलांचं एकच पत्र, संघटनेच्या लेटरहेडवर, कायद्याच्या कलमांसकट. सही अध्यक्षांची. मामा त्या यादीत सातव्या नंबरवर, वरही नाही आणि खालीही नाही. अकरा जणांना एकदम काम बंद करणं कंत्राटदारालाही परवडणारं नव्हतं.

पैसे दोन हप्त्यांत आले. व्याज आलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. मला याचा राग आला, मामांना नाही. बांगड्या परत आल्या होत्या.

प्रकरण पुढे गेलं असतं तर? कायद्यानेच त्या परिषदेत लघुउद्योगांच्या संघटनांच्या प्रतिनिधीसाठी खुर्ची ठेवली आहे. उद्योग खात्याचे अधिकारी आणि बँकवाल्यांच्या शेजारी आपल्यातलं कुणीतरी! बुफे लंचपेक्षा ही खुर्ची मला जास्त ग्लॅमरस वाटते.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. किराणा किंवा कापड विकणाऱ्या शुद्ध व्यापाऱ्याला २०२१ मध्ये उद्यम नोंदणीत घेतलं, पण ते बँकेच्या कर्जापुरतं. ४५ दिवसांचं कवच त्याला नाही. १ एप्रिल २०२४ पासून नवा नियम आला. छोट्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. तेव्हा हा नियम पुढे ढकला म्हणून कोण ओरडलं? व्यापारी संघटनाच, त्यातही कापडवाले. कारण पैसे अडकलेला आणि पैसे अडकवणारा, दोघंही एकाच संघटनेचे सभासद असतात. वर्गणी मोठी देणाऱ्याचा आवाजही मोठा. मामांच्या संघटनेतही असे दोघं आहेत, आणि चहाला तेच आधी येतात!

दिवाळीत गेले तेव्हा मामांनी बिलबुक दाखवलं. प्रत्येक पानावर उद्यम नंबरचा रबरी शिक्का. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "काहून गं, तू लिहितेस त्याचे पैसे भेटतात का वेळेवर?"

मी बोटं मोजली. एका लेखाचं मानधन यायचं होतं, ८३ दिवस झाले होते.

"नोंदणी केली का?"

"मी काय कारखाना आहे का, मामा?"

"सेवा देनाऱ्यालेबी चालते," म्हणत त्यांनी माझा फोन ओढून घेतला. "आधार नंबर सांग."