गजकर्णावर कुठली ट्यूब?

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी विकली जायची. गंमत म्हणजे ती गोव्याची नव्हतीच! ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडात ती सापडते. काजूप्रमाणेच पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि गोव्याचीच होऊन बसली. तिचं खरं माहेर 1870 च्या दशकात उघडकीला आलं. गजकर्ण हटायचं, पण कातडीची आग आग व्हायची आणि सदऱ्यावर पडलेला डाग धोब्यालाही दाद द्यायचा नाही.

1907 मध्ये आर्थर व्हिटफील्ड या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाचं मलम आलं : 6 टक्के बेंझोइक आम्ल, 3 टक्के सॅलिसिलिक आम्ल. झोंबतं, पण स्वस्त. कातडीचा वरचा मेलेला थर, म्हणजे बुरशीचं जेवणच, ते सोलून काढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे म्हातारं बरीच वर्षं होतं!

आता आजच्या ट्यूब. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला अर्गोस्टेरॉल लागतं, आपल्या पेशींना कोलेस्टेरॉल. म्हणून अर्गोस्टेरॉल तयार होण्यात खोडा घातला की बुरशी अडचणीत येते, आपण नाही. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल वगैरे मंडळी मुख्यतः बुरशीची वाढ रोखतात. टर्बिनाफिन गजकर्णाच्या बुरशीला थेट मारतं. त्यामुळे पावसाळ्यातल्या चिखल्यांवर टर्बिनाफिन अनेकदा आठवडाभरात काम करतं, क्लोट्रिमॅझोल चार आठवडे मागतं. मग टर्बिनाफिनच भारी? थांबा. लंगोटाच्या जागी कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीचा संसर्ग झाला असेल, तर क्लोट्रिमॅझोल सरस. आणि निस्टॅटिन कॅन्डिडावर चालतं, गजकर्णावर शून्य! तेच निस्टॅटिन 1966 च्या पुरानंतर फ्लॉरेन्समध्ये भिजलेल्या कलाकृतींवरची बुरशी रोखायला वापरलं होतं.

आपल्याकडे मात्र पुस्तकातलं हे गणित कोलमडलंय. 2020 मध्ये नाव मिळालेली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिई’ ही बुरशी टर्बिनाफिनला बऱ्याचदा जुमानत नाही. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर नेम धरतं, त्याचाच साचा तिनं बदललाय. नावात भारत आहे, पण आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते.

माझ्या मते खरा खलनायक वेगळाच : बुरशीनाशकात स्टेरॉइड मिसळलेली ‘मिक्स’ ट्यूब. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन ही नावं वेष्टनावर बारीक अक्षरात असतात. खाज दोन दिवसांत गायब, पेशंट खूश, आणि खाली बुरशीला रान मोकळं! चकत्याची ठसठशीत कड पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. जांघेतली कातडी पातळ पडते, तिथं कायमचे चरे उमटतात. केमिस्टच्या काउंटरवर ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात हीच ट्यूब पडायची शक्यता दांडगी.

लावायची पद्धत दोनाच्या पाढ्यातली : दिवसातून 2 वेळा, चकत्याच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही 2 आठवडे. काही नव्या मलमांना, उदाहरणार्थ जपानी ल्युलिकोनॅझोलला, दिवसातून एकदाच पुरतं. बुरशी कडेनं पसरत जाते, मधला भाग आधीच निवळलेला असतो. लोक मलम थापतात नेमकं मधोमध. अंगभर पसरलं असेल तर नुसत्या मलमानं भागत नाही, गोळ्या लागतात. घरात दोघांना असेल, तर दोघांचा इलाज एकदमच, आणि टॉवेल वेगवेगळे.