पहिलटकरीण आणि गोठा

मला सातवा महिना लागलाय. परवा गाय व्यायला लागली तशी सवयीने पुढे झाले, तर सासूबाईंनी दारातच अडवलं, "तू लांब थांब गं!" मी स्वतः पशुवैद्यक, पण त्यांचंच बरोबर होतं.

कारण ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. बाधित गाय व्याली किंवा गाभडली की वारेत आणि स्रावांत हे जिवाणू भरपूर असतात. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातूनही ते शिरतात. माणसाला चढउतार करणारा ताप, सांधेदुखी. गरोदर बाईला गर्भपाताचाही धोका. आणि गाय दिसायला ठणठणीत असू शकते, ही खरी पंचाईत.

म्हणून वार काढणं, वासरू ओढणं आपण करूच नये. घरच्यांनी हातमोजे घालावेत, वार चुना टाकून खोल पुरावी. उकिरड्यावर टाकली तर कुत्री ओढतात.

गरोदर बाईला धारोष्ण दूध पाजायची हौस आपल्याकडे फार! उकळूनच प्या.

कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस देतात. ती जिवंत जिवाणूंची असते, तेव्हा टोचताना तिथे थांबू नका.

ताप आलाच, तर घरी जनावरं आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा.

गोठ्याबद्दल काही शंका असतील तर विचारा, सवड मिळेल तशी उत्तरं देते.