आरे नसलेल्या चाकांची पंधरा वर्षं

9 सप्टेंबर 2024 ला दुबई मेट्रोला 15 वर्षं झाली. सगळीकडे कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. माझ्या मनात मात्र त्याच वर्षातली दुसरी तारीख सलते आहे. 1 मार्च 2024 पासून काही महिने मेट्रो आणि ट्राममध्ये ई-स्कूटर न्यायला बंदी होती. बॅटरी पेटण्याचा धोका खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण स्टेशनात उतरल्यावर पुढचे दोन किलोमीटर माणसानं जायचं कसं, हा 2009 मधला प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे. मधल्या काळात त्याचं उत्तर म्हणून आमच्यासमोर काय काय नाचवलं गेलं, ते एकदा लिहून ठेवायलाच हवं.

वेगळ्या आकाराच्या सायकलींचा जुना इतिहास थोडक्यात सांगतो. 1933 मध्ये फ्रान्सिस फॉरनं आडवं बसून चालवायच्या सायकलीवर तासाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती रचना शर्यतींतून बाद केली. दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर सैनिकांसाठी बीएसएनं घडीची सायकल बनवली. पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात ती पाहायला मिळते. विमानातून सायकलीसकट उडी मारायची, ही तिच्यामागची गरज. तिचा आकार त्या गरजेतून आला.

2009 साली मात्र वारं फिरलं. मेट्रो सुरू झाली त्याच महिन्यात न्यूझीलंडची ‘यिकबाइक’ जगापुढे आली. पुढे मोठं चाक, मागे इवलंसं, हँडल कमरेशी. डिसेंबरात कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या वेळी एमआयटीचं लाल ‘कोपनहेगन व्हील’ आलं. मोटर, बॅटरी, सेन्सर, सगळं मागच्या चाकाच्या त्या एका डब्यात. मग लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या किकस्टार्टरचा काळ आला. 2016 मध्ये ‘सायक्लोट्रॉन’ ही बिनआऱ्यांची, मध्ये पोकळ चाकांची सायकल गाजली. बर दुबईतल्या आमच्या गप्पांत ही चित्रं फोनवरून फिरायची आणि तरुण पोरं म्हणायची, आता गाडी नको.

तसली एक सायकल इथल्या एका प्रदर्शनात मी जवळून पाहिली आहे. नेहमीच्या सायकलीचं बेअरिंग मुठीत मावतं आणि तेलाच्या दोन थेंबांवर चालतं. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढून टाकला की तेच काम चाकाच्या घेराएवढ्या कडीला करावं लागतं. तिची फट लांबलचक, आणि त्या फटीत वाळू जाणारच. आरे नसल्यामुळे सगळा भार एकट्या रिमवर, म्हणून रिम जाड आणि जड. मी विक्रेत्याला विचारलं, अल् कुद्राच्या वाळूत हे किती दिवस टिकेल? उत्तर मिळालं नाही. पेडल मारून पाहू का विचारलं, तर ती सायकल फक्त बघण्यासाठी आहे असं कळलं. ती प्रदर्शनासाठी निवडणाऱ्या परीक्षकांपैकी एकालाही तिच्यावर बसून पाहावंसं वाटलं नाही, याचा राग मला आजही आहे.

त्याच संध्याकाळी करामात ग्रोसरीचा पोरगा पाच गॅलनची पाण्याची बाटली आपल्या सायकलच्या मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्यानं आवळत होता. पुढे टोपली, रिमला दाबणारे साधे ब्रेक, ट्यूबवर दोन ठिगळं. ती कुठंही दुरुस्त होते आणि 45 अंशांच्या उन्हात तिला बॅटरीची चिंता नसते.

2023 मध्ये बाकीचे फुगे फुटले. जुलैमध्ये व्हॅनमूफ दिवाळखोर झाली. तिच्या ई-बाइकची सारी मदार अ‍ॅपवर, त्यामुळे कंपनीबरोबर आपली सायकलही बंद पडते की काय, या धास्तीत गिऱ्हाईक. वर्षअखेरीस कोपनहेगन व्हीलवाल्या सुपरपेडेस्ट्रियननं गाशा गुंडाळला. आणि त्याच वर्षी दुबईत ‘द लूप’ची चित्रं झळकली: 93 किलोमीटरचा, वातानुकूलित, बंदिस्त सायकलमार्ग. चित्रं सुंदर आहेत. ज्यानं रोज सायकल चालवायची तो मजूर त्यांत मला दिसला नाही.

चांगलं झालं तेही सांगतो. फेब्रुवारी 2020 मध्ये दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणानं (आरटीए) आणि करीम या कंपनीनं भाड्याच्या सायकली आणल्या, पहिल्या टप्प्यात सुमारे 800. दणकट सांगाडा, जाड टायर, पाय सहज पलीकडे टाकता येईल अशी खाली झुकलेली दांडी. दिसायला साध्या, म्हणून टिकल्या. ब्रॉम्प्टनसारखी घडीची सायकलही टिकली, कारण ती गाडीच्या डब्यात मावते. वेगळेपणाला माझा विरोध नाही. पण ते वेगळेपण चालवणाऱ्याच्या अडचणीतून यायला हवं.

2022 च्या नियमांनुसार ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर सायकल नेली की 300 दिरहम दंड. नियम सुरक्षेसाठीच आहे. पण कामगार वस्तीतून स्टेशनाकडे येणाऱ्याला दुसरी वाट कुठली? अल् कूझसारख्या कामगार वस्तीतून मेट्रोपर्यंत छप्पर असलेली एक अरुंद लेन आणि स्टेशनाखाली रात्रभर सायकल कुलूप लावून ठेवायला लोखंडी दांड्या, एवढंच आरटीएनं करावं. पुढची 93 किलोमीटरची चित्रं त्यानंतर काढावीत.