डिस्क राइट करण्याचे सॉफ्टवेअर : नव्या आवृत्तीवर पैसे घालावेत काय?

दुकानात किंवा कारखान्यात संगणक आला की त्याच्या मागोमाग एक नवा खर्च येतो. त्याचे नाव ‘अपग्रेड’. जुना प्रोग्रॅम नीट चालू असतो, तरी एके दिवशी पडद्यावर सूचना झळकते की नवी आवृत्ती आली आहे, इतके पैसे भरा आणि घेऊन जा. आपल्यातील पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधव अशा वेळी दोनपैकी एक मार्ग धरतात. काहीजण घाबरून पैसे भरून टाकतात, तर काहीजण वर्षानुवर्षे त्या सूचनेकडे पाहतसुद्धा नाहीत. दोन्ही मार्गांत हिशोब नाही, आणि हिशोबाशिवाय केलेली तिजारत आमच्या मते जुगारासारखीच असते.

या लेखात सीडी-डीव्हीडी राइट करण्याच्या, म्हणजे ‘बर्निंग’च्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊन आम्ही हा हिशोब मांडणार आहोत. हाच हिशोब इतर सॉफ्टवेअरलाही लावता येईल.

डिस्कचे काम अजून उरले आहे काय?

पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. एक काळ असा होता की साड्यांचे व ड्रेस मटेरियलचे कॅटलॉग सीडीवर येत असत. आता ते मोबाइलवर येतात. एम्ब्रॉयडरी मशीनचे डिझाइन पूर्वी फ्लॉपीवर जात असे, आता पेन ड्राइव्हने जाते. नव्या लॅपटॉपमध्ये तर डिस्क घालण्याची जागाच नसते, बाहेरून जोडायचा रायटर वेगळा घ्यावा लागतो. मोझर बेअर ही भारतीय कंपनी एके काळी जगातील मोठ्या डिस्क-उत्पादकांत गणली जात असे. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघाली. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करण्याच्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. बाजार कोणत्या दिशेने चालला आहे हे यावरून कळते.

तरीही काम पूर्ण संपलेले नाही. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याकडे आजही काही गिऱ्हाइके डीव्हीडी मागतात. एमआरआयच्या केंद्रातून रुग्णाला सीडी मिळते. जुन्या मोटारीत ऐकण्यासाठी बयानाच्या किंवा भाषणाच्या सीडी लोक मागतात. आणि व्यापाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे हिशोबाची व डिझाइनची जपून ठेवण्याची प्रत.

या शेवटच्या कामाला कायद्याचाही आधार आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ या वर्षाच्या विवरणाची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे त्या वर्षाचे हिशोब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत सांभाळणे आले. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त. हिशोब संगणकावर ठेवणाऱ्याने त्याची बॅकअप प्रत अशा रीतीने ठेवली पाहिजे की अपघाताने किंवा नैसर्गिक आपत्तीने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी माहिती वाजवी वेळेत परत उभी करता येईल, असे जीएसटीच्या नियमांत स्पष्ट सांगितले आहे.

राइट करण्याचे काम नेमके कोण करतो?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डिस्कवर लेसर चालवतो तो रायटर, सॉफ्टवेअर नव्हे. सॉफ्टवेअर फक्त फायली ठरलेल्या पद्धतीने रचते आणि रायटरला हुकूम देते. हे हुकूम सर्व कंपन्यांच्या रायटरसाठी एकाच ठरलेल्या नमुन्याचे असतात. कोणत्या डिस्कवर लेसर किती जोराचा मारायचा याची माहिती रायटरच्या आतच भरलेली असते. टिकाऊपणा हा डिस्कच्या रसायनावर, रायटरच्या लेसरवर आणि ठेवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो.

यातून एक साधी गोष्ट सिद्ध होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलल्याने डिस्क जास्त दिवस टिकत नाही. मागावर सूत कच्चे असेल तर पक्क्या बिलबुकावर बिल फाडल्याने कापड मजबूत होत नाही, तसेच हे आहे.

मग नव्या आवृत्तीत विकतात काय?

या धंद्यातील सर्वांत ओळखीचे नाव ‘नीरो’. हा जर्मनीतील प्रोग्रॅम १९९७ साली आला. त्याचे पूर्ण नाव ‘नीरो बर्निंग रॉम’. रोम जळाल्याच्या वेळी गादीवर असलेल्या बादशहाच्या नावावरून केलेला तो विनोद होता. तेव्हा विंडोजमध्ये सीडी राइट करण्याची सोय नव्हती, म्हणून असा प्रोग्रॅम विकत घेणे किंवा रायटरबरोबर आलेला वापरणे भागच होते.

पुढे परिस्थिती बदलली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये सीडी राइट करण्याची सोय आली, व्हिस्टामध्ये डीव्हीडीची, आणि २००९ च्या विंडोज सेव्हनमध्ये आयएसओ फाइल थेट डिस्कवर उतरवण्याची. विंडोज १० व ११ मध्येही या सोयी आहेत. म्हणजे ज्या मूळ कामासाठी लोक पैसे देत असत ते काम आता संगणकाबरोबर वेगळा पैसा न देता मिळते. लिनक्समध्ये ‘ब्रासेरो’ व ‘के-थ्री-बी’ हे प्रोग्रॅम मोफत आहेत.

म्हणून विकणाऱ्या कंपन्यांनी प्रोग्रॅमला इतर गोष्टी जोडल्या. व्हिडिओ कापणे-जोडणे, डीव्हीडीला मेनू लावणे, फोटोंची मांडणी, फायलींना कुलूप लावणे, मोठा साठा अनेक डिस्कवर आपोआप वाटून टाकणे. या सुविधा खोट्या नाहीत. पण त्या आपल्या धंद्याला लागतात काय, हे ठरवल्याशिवाय पैसे देणे म्हणजे कुडत्याला तीन मीटर लागत असता पूर्ण ठाणच विकत घेणे होय.

हिशोब कसा करावा?

समजा, नव्या आवृत्तीची किंमत ३,००० रुपये आहे आणि ती तीन वर्षे चालेल. कापडाचा दुकानदार महिन्याला २ डिस्क राइट करतो. तीन वर्षांत ७२ डिस्क होतील. म्हणजे प्रत्येक डिस्कमागे जवळजवळ ४२ रुपये फक्त सॉफ्टवेअरचे. तेच काम विंडोज मोफत करत असेल तर हा खर्च सरळ नुकसान आहे.

आता लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याचा हिशोब पाहू. तो महिन्याला २० डिस्क देतो. तीन वर्षांत ७२० होतील. डिस्कमागे खर्च सव्वाचार रुपयांच्या आतच राहतो. मेनूसह व्यवस्थित डीव्हीडी तयार करण्यात त्याचा दर लग्नामागे एक तास वाचत असेल तर ही रक्कम थोड्याच दिवसांत वसूल होते. त्याच्यासाठी हे सॉफ्टवेअर शिंप्याच्या कात्रीसारखे धंद्याचे अवजार आहे.

किंमत एकच, सॉफ्टवेअर एकच, पण एकाचे नुकसान आणि दुसऱ्याचा नफा. यासाठी ‘अपग्रेड चांगले की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘आमच्या कामाला किती रुपयांना पडते’ असे विचारले पाहिजे. आणखी एक दक्षता घ्यावी. काही सॉफ्टवेअर आता कायमचे विकत न मिळता वर्षाच्या वर्गणीवर मिळते. तेव्हा तीन वर्षांचा हिशोब करताना रक्कम तिप्पट धरावी.

पैसे देणे केव्हा योग्य?

आमच्या मते पुढील कारणे खरी आहेत. पहिले, संगणक बदलल्यावर जुना प्रोग्रॅम चालतच नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे पुष्कळांना नवीन संगणक घ्यावा लागत आहे, आणि फार जुने प्रोग्रॅम नव्या विंडोजवर बसत नाहीत. पण तेव्हाही आधी विंडोजची स्वतःची सोय वापरून पाहावी. दुसरे, ब्लू-रे व्हिडिओ किंवा मेनूची डीव्हीडी यांसारखे काम गिऱ्हाईक पैसे देऊन मागत आहे. तिसरे, गिऱ्हाइकाची खाजगी माहिती डिस्कवर कुलूपबंद करून देण्याची अट आहे.

रायटरबरोबर फुकट आलेला प्रोग्रॅम बरेचदा त्याच रायटरशी बांधलेला असतो. रायटर बदलला की तो बंद पडतो. म्हणून ‘प्रोग्रॅम खराब झाला’ असे समजून लगेच पैसे भरू नयेत, कारण आधी शोधावे. कंपनी काही दिवस वापरून पाहण्याची आवृत्ती देत असेल तर तीच आपल्या खऱ्या कामावर चालवून मग निर्णय घ्यावा.

चोरीची प्रत मात्र कोणीही वापरू नये. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल किंमत न देता उचलणे गैर आहेच, शिवाय कुलूप तोडलेल्या अशा प्रतींतून व्हायरस येतात. तीनशे-चारशे डिझाइन आणि सहा वर्षांचे हिशोब ज्या संगणकात आहेत तेथे असा माल शिरू देणे म्हणजे गोदामाची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे. मोफत प्रोग्रॅम घ्यायचा असेल तर तो बनवणाऱ्याकडूनच घ्यावा, आणि बसवताना सोबत दुसरे काही चढत नाही ना, हे प्रत्येक पायरीवर वाचून पाहावे.

वाचलेला पैसा कोठे लावावा?

पैसा वाचला म्हणून काम संपले नाही. चांगल्या कंपनीच्या डिस्क घेणे हा पहिला खर्च. सीडीवर ७०० एमबी, साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि एकपदरी ब्लू-रेवर २५ जीबी मावते. दुकानाच्या एका वर्षाच्या हिशोबाला बहुधा एक डीव्हीडी पुष्कळ होते.

विंडोज डिस्क राइट करताना दोन पद्धती विचारते. एक पेन ड्राइव्हसारखी, तर दुसरी सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये चालणारी. जपून ठेवण्याच्या किंवा दुसऱ्याला देण्याच्या डिस्कसाठी दुसरी पद्धत घ्यावी, म्हणजे ती इतर संगणकांवरही वाचता येते. डिस्क तयार झाल्यावर ती बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. तपासल्याशिवाय कपाटात ठेवलेली डिस्क म्हणजे न मोजता ठेवलेली रोकड होय.

सीडीचा चमकणारा थर खालच्या नव्हे तर वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो. म्हणून तेथे बॉलपेनने लिहू नये, मऊ टोकाचा मार्कर वापरावा आणि कागदी लेबल चिकटवू नये. डिस्क डबीत, उभी, उन्हापासून व दमटपणापासून दूर ठेवावी. हिशोबाच्या मूळ फायलींबरोबर खातेवहीची पीडीएफ प्रतही टाकावी, कारण सहा वर्षांनी डिस्क उघडेल पण हिशोबाचा जुना प्रोग्रॅम उरला नसेल, असे होऊ शकते.

एकाच डिस्कवर किंवा एकाच पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी चांगला, पण वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी तो बनवलेला नाही. एकूण तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी एकदाच राइट होणाऱ्या डिस्कवर. या तिसऱ्या प्रतीचा खास गुण असा की फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावर काहीही लिहू शकत नाही. आणि ही प्रत दुकानात न ठेवता घरी किंवा भावाकडे ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असे पाणी दुकानात शिरले तर मूळ वही आणि तिची नक्कल एकाच कपाटात असून काय उपयोग?

सारांश, फक्त हिशोब व डिझाइन जपणाऱ्या दुकानदाराने बर्निंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर खर्च करण्याची गरज नाही. संगणकात असलेली सोय त्याला पुरेशी आहे. ज्याची रोजी डिस्क तयार करण्यावरच चालते त्याने डिस्कमागे खर्च काढावा, वाचणारा वेळ मोजावा आणि मगच पैसे द्यावेत. दोघांनीही या आठवड्यात एक काम अवश्य करावे. आपली सर्वांत जुनी डिस्क काढून ती उघडते काय ते पाहावे. उघडत असेल तर तिची नवी प्रत आजच करून घ्यावी. उघडत नसेल तर संगणकात किंवा दुसरीकडे तो माल अजून शिल्लक आहे काय, हे उद्यावर न टाकता शोधावे.