बाजू कोणती घ्यावी?

मंडळी, कबड्डीचा सामना तुम्ही पाहिला असेल. खेळ सुरू होण्याआधी नाणे उडवतात. जो संघ जिंकेल तो चढाई घेतो, नाहीतर मैदानाची बाजू मागतो. फुटबॉलमध्येही असेच होते. पण तिथे बाजू निवडणे हे विचाराचे काम आहे. ते कसे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

फुटबॉलच्या मैदानाला दोन टोके असतात. दोन्ही टोकांना गोलाचे खांब असतात. मैदान एकच, खांब सारखेच. मग या टोकाला उभे राहिले काय अन् त्या टोकाला काय, फरक कसला? असे कोणी म्हणेल. पण फरक असतो. वारा एका अंगाने वाहतो. ऊन एकाच्याच डोळ्यांवर येते. उंच आलेला चेंडू गोलरक्षकाने पकडायचा असतो. सूर्य समोर असला तर त्याला चेंडू दिसेनासा होतो. म्हणून मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात. पण वाऱ्याला कोण आखणार?

आता नियम पाहू. पंच नाणे उडवतो. जिंकणारा संघ दोनपैकी एक गोष्ट घेतो. कोणत्या गोलावर चाल करायची ते ठरवतो, किंवा चेंडूला पहिली लाथ मारतो. 1997 ते 2019 पर्यंत त्याला फक्त बाजू निवडता येत होती. 2019 पासून पुन्हा दोन्ही वाटा खुल्या झाल्या. मध्यंतर झाले की संघ बाजू बदलतात. म्हणजे वारा एकदा याच्या पाठीशी, एकदा त्याच्या पाठीशी. 1863 साली इंग्लंडात नियम लिहिले, तेव्हा तर प्रत्येक गोल झाला की बाजू बदलत!

पण वारा काही मध्यंतराची वाट पाहत नाही. तो मधेच पडतो. म्हणून कित्येक नायक म्हणतात, वारा पाठीशी आहे तोवर आधीच गोल करून घ्या. दुसरे म्हणतात, थांबा. शेवटी समोरचे दमतील, तेव्हा वारा आपल्याकडे असू द्या. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

बाजू निवडताना माणसांचाही विचार होतो, बरं का. इंग्लंडात लिव्हरपूल नावाचा संघ आहे. त्याच्या मैदानाच्या एका टोकाला प्रेक्षकांचा मोठा सज्जा आहे. त्याला ‘कॉप’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवर 1900 साली मोठी लढाई झाली. त्या टेकडीवरून सज्जाला हे नाव पडले. त्याच लढाईत जखमी सैनिकांना वाहून नेण्याचे काम गांधीजींच्या पथकाने केले होते. लिव्हरपूलच्या खेळाडूंना दुसऱ्या डावात कॉपच्या दिशेने चाल करायला आवडते. शेवटच्या घटकेला आपली हजारो माणसे समोर ओरडत असली की पायांत बळ येते. पाहुण्या संघाला हे ठाऊक असते. नाणेफेक जिंकली की तो कधी कधी मुद्दाम उलटी बाजू घेतो.

घरच्या मैदानाचे आणखी फायदे पाहा. योव्हिल गावच्या जुन्या मैदानाला एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे उतार होता. दोन कडांच्या उंचीत सुमारे 8 फुटांचा फरक होता. 1949 साली संडरलँडचा बडा संघ तिथे आला आणि लहानशा योव्हिलकडून 2–1 असा हरला. उतार दोघांनाही सारखाच होता. पण योव्हिलच्या खेळाडूंचे पाय त्या उताराला सरावलेले होते.

स्टोक संघाने वेगळीच युक्ती केली. 2008 साली तो वरच्या वर्गात आला. रोरी डेलॅप हा त्यांचा खेळाडू शाळेत भालाफेक करीत असे. बाहेर गेलेला चेंडू तो हातांनी थेट गोलापुढे फेकी. स्टोकने मैदान अरुंद ठेवले, सुमारे 64 मीटर. पुष्कळ मैदाने 68 मीटर रुंद असतात. म्हणजे दोन्ही कडांनी गोल दोन-दोन मीटर जवळ आला. चेंडू पुसायला कडेला टॉवेलही ठेवले. हे सारे नियमात बसत होते. नियमाप्रमाणे मैदान 45 ते 90 मीटर रुंद चालते. देशादेशांतल्या सामन्यांना मात्र 64 ते 75 मीटरच लागते.

पण युक्ती कुठे संपते आणि अन्याय कुठे सुरू होतो? बोलिव्हिया देशात ला पाझ शहराचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 3,600 मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. त्याच्या दुपटीहून उंच! तिथे हवा विरळ. पाहुण्याला धाप लागते. शिवाय चेंडू वेगाने जातो. 1993 साली ब्राझील तिथे 2–0 असा हरला. 2009 साली अर्जेंटिना 6–1 असा हरला. 2007 साली जागतिक फुटबॉल संस्थेने फार उंचावरच्या सामन्यांना बंदी केली होती. पाहुण्यांच्या तब्येतीला धोका आहे, असे कारण दिले. बोलिव्हियाचे लोक म्हणाले, आम्ही इथेच जन्मलो. आमच्या घरी आम्ही खेळायचे नाही, हा कुठला न्याय? त्यांचे राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेसही विरोधाला उभे राहिले. 2008 साली बंदी बाजूला ठेवली गेली.

आमच्या मते बोलिव्हियाचे म्हणणे रास्त होते. मैदान अरुंद करणे माणसाच्या हाती आहे. त्याला माप घालून देता येते. पण डोंगर कोणी कपटाने उभा केलेला नाही.

आणि प्रेक्षक? करोनाच्या साथीत बहुतेक सामने रिकाम्या मैदानांवर झाले. इंग्लंडच्या वरच्या साखळीत 2020–21 च्या हंगामात 380 सामने झाले. त्यांत घरच्या संघांनी 144 जिंकले आणि पाहुण्यांनी 153. एरवी घरचे संघ पुढे असतात. आपली माणसे नसली की घरचे मैदानही परके होते, असेच त्यावरून दिसते.

पुढच्या वेळी सामना पाहायला जाल, तेव्हा थोडे लवकर जा. वारा कुठून येतो ते पाहा. सूर्य कुठे आहे, आपली माणसे कुठे बसली आहेत, तेही पाहा. मग नाणे उडेल. नायक कोणती बाजू मागतो आणि का मागतो, हे तुम्ही शेजाऱ्याला समजावून सांगू शकाल.