गंज काढा, झाकू नका!

ग्रील, शटर आणि टाक्यांचे काम करणारे आपले अनेक कारागीर बंधू गंज काढण्यासाठी ग्राइंडर वापरतात. काम झटपट होते. पण काही महिन्यांतच रंग फुगतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानात येते. दोष बहुधा रंगाचा नसतो, त्याखाली राहिलेल्या गंजाचा असतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो.

आम्ही कामाचा क्रम असा सुचवू. प्रथम तेल-ग्रीस थिनरने पुसून पूर्ण वाळू द्यावे व थिनरचा डबा दूर ठेवावा. ठिणगीने आग लागते. समुद्रकाठचा माल गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा, कारण खड्ड्यांतले मीठ ग्राइंडरने निघत नाही. जाड पापुद्रे छिन्नी-हातोडीने पाडावेत. मग तारेचा कप ब्रश हलक्या हाताने फिरवावा. फार दाबला तर गंज निघण्याऐवजी घासून चकचकीत होतो आणि काम झाल्याचा भास होतो. असा काळपट, चकाकणारा थर दिसला की ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क फिरवावी. लोखंड उजळ पण खरखरीत हवे. प्रायमर त्यालाच धरतो. धूळ झाडून त्याच दिवशी प्रायमर मारावा. पावसाळ्यात रात्रभर उघडे राहिलेले लोखंड पुन्हा गंजते.

आता जिवाची गोष्ट. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरने धावते. गार्ड काढून त्यावर सात इंची डिस्क बसवली, तर हाच वेग साडेतीनशेच्या वर जातो आणि डिस्क फुटू शकते. डिस्क व ब्रशवर छापलेले फेरे मशीनपेक्षा कमी असतील तर ते लावूच नयेत. ब्रशच्या तारा तुटून उडतात, गॉगल हवाच. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून धुळीचा चांगला मास्क बांधावा. सैल बाही व गळ्यातला रुमाल दूर ठेवावा.

हुजूर पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. रंगाखाली दडवलेला गंज ही तशीच ओल आहे. पत्रा आतून खाऊन गेला असेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. मजुरी थोडी कमी मिळेल, पण रोजीत बरकत राहील.